चौबळांचा ब्रेंगेल

चौबळ आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. ओळखपाळख काही नाही. अंगात बनियन आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच.

“बाई, रागावणार नसाल तर एक सांगतो. पाणी भरताना तुम्ही एका कळशीमागे तीन वेळा वाकता. त्यातलं एकदा वाकणं फुकट जातं. कळशी आधी कठड्यावर ठेवा, रोजची चार मिनिटं वाचतील.”

मी रागावले. मग ते गेल्यावर कळशी कठड्यावर ठेवून पाहिली, आणि मेलं खरंच सोपं पडलं, म्हणून आणखी रागावले. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे ते मला ‘बाई’ म्हणत. यांच्यापेक्षा वयाने मोठे म्हणून मी त्यांना ‘भाऊजी’ म्हणायची. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. पुढली चौदा वर्षं त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मध्ये एकच भिंत होती, तीही बिल्डरने मन लावून बांधलेली नव्हती.

अंबरनाथच्या एका यंत्रांच्या कारखान्यात चौबळ टाइम-स्टडी ऑफिसर होते. म्हणजे कामगाराच्या मागे उभं राहून, कुठल्या कामाला किती सेकंद लागायला हवेत, हे ठरवणारा माणूस. असा माणूस कामगारांना किती प्रिय असेल ते वेगळं सांगायला नको. मोरिवलीचा बाळाराम म्हणून एक लेथवर होता. चौबळ मागे आले की तो मुद्दाम संथ व्हायचा. आज चपळाई दाखवली तर उद्यापासून तीच वेळ सगळ्यांच्या बोकांडी बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक. पण चौबळ फसत नसत.

“सोंग करणारा माणूस सगळीकडे सारखा हळू होत नाही, बाई,” ते मला सांगत. “नट आवळताना त्याच्या लक्षात असतं, हात पुसताना विसरतो. तिथे तो सापडतो.”

एकदा बाळारामने वैतागून सगळ्या कामगारांसमोर विचारलं, “सायेब, घरी बायकोला पन घड्याल लावताव काय?”

“लावतो,” चौबळ म्हणाले. “चपाती, एकोणीस सेकंद.”

हे खरं होतं. सुमनताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी विचारलं, तुम्ही हे चालवून कसं घेता? त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, “त्यांना सेकंद मोजू दे. मी वर्षं मोजतेय.”

सेकंद मोजणाऱ्या माणसाची चूक कधी होत नाही, निदान तो तसं कबूल करत नाही. आमटी खारट झाली तर मिठाची प्रत बदललेली असायची. एकदा नेरळला जायचं म्हणून ते सगळ्यांना घेऊन उल्हासनगरकडे जाणाऱ्या उलट्या गाडीत बसले, तेव्हा रेल्वेची पाटी लावण्याची पद्धत अशास्त्रीय ठरली. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द भिंतीपलीकडून मी कधी ऐकले नाहीत, आणि त्या भिंतीतून मला ऐकू येत नाही असं फारसं काही नव्हतं.

सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो ब्रेंगेल.

आउगुस्ट ब्रेंगेल हा जर्मनीतला एक संगीतकार. जर्मनीत कुणाला माहीत नाही, पण अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये लहान पोरांनाही माहीत होता. कारखान्याने चौबळांना सहा महिने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे ते ज्या हेल्गाबाईंच्या घरी भाड्याने राहिले, त्या या ब्रेंगेलच्या पुतणी. काका केव्हाच वारलेले. आयुष्यभर लिहिलं, कुणी वाजवलं नाही, शेवटी शाळेत बाजा शिकवत गेले. हेल्गाबाई रोज नाश्त्याला काकांच्या आठवणी काढत आणि चौबळ पाव खात खात ऐकत. निघताना बाईंनी दोन कॅसेटी हातात ठेवल्या. एकीत काकांचं पाच वाद्यांचं पंचक, दुसरीत सिंफनी. कुठल्याशा रेडिओने एकदाच वाजवलेलं. म्हणाल्या, “आमच्याकडे कुणी ऐकत नाही. तुमच्याकडे ऐकवा.”

चौबळांनी शब्द दिला आणि अक्षरशः पाळला. रोज सकाळी सहा वाजता पंचक, त्यावर चौबळांची दाढी. संध्याकाळी सिंफनी, त्यावर कांदे-बटाटे निवडणं. आलेल्या पाहुण्याला आधी पाणी, मग ब्रेंगेल, मग चहा. सुमनताईंचे भाऊ चहावाचून उठून जायला लागले.

त्यांचा एक सिद्धांत होता. “जर्मन संगीत म्हणजे गंभीर, असं लोक समजतात. ब्रेंगेल बघा! उत्साह! हा माणूस सकाळी उठून व्यायाम करत असणार. जर्मनीतला सगळ्यात आनंदी माणूस, म्हणून तर त्याला कुणी मोठा मानलं नाही.” संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ते सूर भराभर, वरच्या पट्टीत यायचे खरे. सिंफनीचा तिसरा भाग तर इतका ठेक्यात होता, की आमच्या शाळेच्या संमेलनात मी पाचवी ‘ब’ची लेझीम त्यावर बसवली. चाळीस मुलं ब्रेंगेलवर लेझीम खेळली. पहिला नंबर आला. चौबळांनी हेल्गाबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही, आणि नंतर कळलं की बाई वारल्या.

कारखान्यात कोणी जर्मन इंजिनियर आला की चौबळ त्याला गाठायचे. “यू नो ब्रेंगेल?” तो बिचारा मशिन बसवायला आलेला. अपराधी चेहऱ्याने नाही म्हणायचा. “युवर ओन मॅन!” चौबळ त्याला खडसवायचे. अशा बारा वर्षांत किती जर्मन खजील होऊन परत गेले, देव जाणे. त्यातल्या एका तरुणाने मात्र हे मनाला लावून घेतलं असावं. नव्वद सालानंतर एका डिसेंबरात त्याचं पार्सल आलं. आत दोन सीड्या. तिकडच्या एका लहानशा कंपनीने ब्रेंगेलचं पंचक आणि सिंफनी नव्याने रेकॉर्ड केली होती. विस्मृतीत गेलेला संगीतकार म्हणून आता त्याचं सगळं संगीत ते एकेक करून काढणार होते.

चौबळ लग्न ठरल्यासारखे जिन्यातून वरखाली करत होते. सीडी प्लेअर त्यांनी उल्हासनगरहून आणला. रविवारी सकाळी मला आणि यांना बोलावलं. सुमनताईंनी शिरा केला होता. चौबळांनी स्टॉपवॉच हातात घेतलं आणि बटण दाबलं.

पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला. दहा मिनिटांत लाल झाला.

“हे काय? गो-स्लो?” ते ओरडले. “वर्क टू रूल चाललंय यांचं! युनियन शिरलीय ऑर्केस्ट्रात!”

मला तर ते छान वाटलं होतं, पण शिरा खाताना बोलले नाही. सीडीच्या पुस्तिकेत जर्मनमध्ये काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी एक पान वाचलं आणि “याने ऐकलेलं दिसत नाही” म्हणून बाजूला टाकलं. त्याच आठवड्यात त्यांनी ऑर्केस्ट्राच्या संचालकाला सात पानी पत्र धाडलं. इंग्रजी मी तपासलं, त्या पापाची मी धनीण आहे. पत्रात लिहिलं होतं, की मी हे संगीत खुद्द ब्रेंगेल यांच्या पुतणीकडून मिळवलं असून रोज ऐकत आलो आहे, आणि आपले वादक सर्वत्र रेंगाळत आहेत. सोबत तक्ता. पंचकाचे चार आणि सिंफनीचे चार, आठही भाग, माझ्या कॅसेटवरची वेळ, तुमची वेळ.

तक्त्याची कार्बन कॉपी त्यांनी फाइल करायला घेतली आणि तिथेच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तो चौबळ माझ्या दारात, हातात तो कागद. “बाई, हे बघा. पहिला भाग, माझ्या दहा सेकंदांना त्यांचे अकरा. दुसरा भाग, दहाला अकरा. तिसरा, चौथा. आठही ठिकाणी दहाला अकरा.”

“म्हणजे ते सगळीकडे हळू वाजवतात.”

“तेच तर!” ते खाली बसले. “माणूस सगळीकडे सारखा हळू होत नाही. सकाळी एक असतो, जेवल्यावर दुसरा. आठही ठिकाणी दहाला अकरा, आणि सूरही तेवढाच खाली? हे माणसाचं काम नव्हे, बाई. ही मोटर आहे.”

“कोणाची मोटर?”

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “उल्हासनगरला येता का?”

मला पडद्याचं कापड घ्यायचंच होतं. वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. हेल्गाबाईंच्या मूळ कॅसेटी त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. कारखान्यात मास्टर गेज, म्हणजे मूळ माप, रोजच्या कामाला वापरत नाहीत, ते कपाटात कुलपात ठेवतात, आणि काम चालतं त्याच्या नकलेवर. त्या नियमाने आल्या आल्या त्यांनी उल्हासनगरला कॅसेटी भरून देणाऱ्या लछूभाईंकडून नक्कल करून घेतली आणि मूळ कॅसेटी कपाटात ठेवल्या. कपाटात त्यांना बुरशी लागली. बारा वर्षं वाजली ती नक्कल.

लछूभाईंच्या दुकानात आता टीव्हीचे रिमोट लटकत होते. पण माणूस तोच, गल्ल्यावर, आणि त्याने चौबळांना लगेच ओळखलं.

“आओ साईं! जर्मनीवाले! घड़ी कहाँ है?”

घड्याळ शर्टाच्या आत होतं. चौबळांनी विचारलं, ती कॅसेट भरताना काही केलं होतं का?

“आपने बोला था, सब एक में चाहिए। दो कैसेट मतलब बीच में एक बार फालतू उठना। याद है?” लछूभाई हसले. “अब साईं, नब्बे की कैसेट उस दिन थी नहीं, और छियासठ मिनट का माल साठ की कैसेट में कैसे बैठेगा? तो मोटर का स्क्रू थोड़ा घुमा दिया। सबको करके देता था। किसी का कंप्लेंट नहीं आया।”

“मुझे बताया क्यों नहीं?”

“आपने पूछा कब? आप तो घड़ी लगाके मेरा टाइम देख रहे थे।”

मी कापड घेतलं नाही. चौबळ तडक परत निघाले. घरी येऊन त्यांनी बाजूला टाकलेली पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक मारली.

“बाई, पंचकाचा दुसरा भाग त्याने बायको अंथरुणाला खिळली तेव्हा लिहिला. आणि सिंफनीतला तिसरा भाग तिची प्रेतयात्रा आहे.”

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. चाळीस मुलं, लेझीम, पहिला नंबर. आणि हे गृहस्थ बारा वर्षं रोज सकाळी त्या बाईच्या आजारपणावर दाढी करत होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. पलीकडून सुमनताईंचा आवाज आला, “मेल्या ब्रेंगेलने सांगितलं असतं तर आपण गप्प तरी बसलो असतो.”

आता फक्त एक पत्र पाठवायचं होतं. माझी चूक, क्षमस्व. चौबळ दोन आठवडे ते लिहीत होते. पहिला मसुदा मी पाहिला: ‘गतीमध्ये काही तफावत झाल्याचे निदर्शनास आले आहे.’

“भाऊजी, यात तुम्ही कुठे आहात?”

“असं लिहायची पद्धत आहे,” ते म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

आणि तेवढ्यात तिकडून उत्तर आलं. ऑर्केस्ट्राचा संचालक भला माणूस निघाला. त्याने लिहिलं होतं, आपल्या पत्राने आम्ही थक्क झालो. हेल्गाबाई आता नाहीत, ब्रेंगेलच्या घरची वाजवण्याची पद्धत ऐकलेला दुसरा कुणीही आम्हाला ठाऊक नाही. पुढच्या सीडीत सिंफनीचा तिसरा भाग आपण कळवलेल्या गतीने पुन्हा वाजवून घालायचा विचार आहे. पुस्तिकेत आपलं नाव देऊ. कृपया संमती कळवावी.

हे पत्र चौबळांनी कुणाला दाखवलं नसतं. पण पोस्टमनने जर्मनीचं तिकीट पाहून सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ते यांच्या हातात ते दिलं, आणि गुप्त्यांनी ते आणून देताना उघडून वाचायला लावलं. झालं! सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर चौबळांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, फळ्यावर रंगीत खडूने ‘अंबरनाथचे नाव सातासमुद्रापार’. कारखान्यातही बातमी गेली. बाळाराम स्वतः येऊन विचारून गेला, “सायेब, गोऱ्यांना पन घड्याल लावलात म्हनं?”

त्या दिवसांत भिंत अगदी शांत असायची. पंचक बंद, सिंफनी बंद. एकदा चौबळ जिन्यात मला म्हणाले, “बाई, समजा मी काहीच कळवलं नाही. कुणाचं काय नुकसान आहे? मेलेल्या माणसाची मिरवणूक जरा लवकर पोहोचेल, एवढंच.” त्यांना माझं उत्तर नकोच होतं, त्यांना नाव हवं होतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याचे सेकंद मोजलेल्या माणसाचं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं. मलाही वाटून गेलं की यावं, काय बिघडलं.

सव्वीस जानेवारीला मैदानात खुर्च्या, टेबल आणि टेबलावर, चौबळांनी स्वतः आणून ठेवलेली, दोन यंत्रं. एक जुना टेपरेकॉर्डर, एक सीडी प्लेअर. गुप्त्यांनी भाषणात ब्रेंगेलला दोनदा इंग्रज केलं. मग शाल उलगडून ते चौबळांकडे वळले, तेव्हा चौबळांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माइक घेतला.

“आधी ऐका,” ते म्हणाले आणि टेप लावली. तिसरा भाग. मागच्या रांगेतल्या, लेझीम खेळून मोठ्या झालेल्या मुलींनी ताल ओळखला आणि टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी टेप बंद केली, सीडी लावली. तेच सूर, पण खालून आले, सावकाश, जड पावलं उचलत. मैदान हळूहळू गप्प झालं.

“दुसरं बरोबर आहे,” चौबळ म्हणाले. “एक माणूस बायकोला पोचवायला चाललाय. मी बारा वर्षं त्याला पळवला. तुम्हालाही पळत ऐकवलं. मला एका कॅसेटीत सगळं हवं होतं, उठायचा कंटाळा. आणि चुकून तिकडच्या शहाण्या लोकांना मीच हळू म्हणालो. त्यांना खरं कळवणार आहे. तेव्हा नाव काही छापून येणार नाही.” त्यांनी माइक जरा जवळ घेतला. “माझं चुकलं.”

कुणाला काय करावं कळेना. मागून कोणीतरी म्हणालं, “पण काका, फास्टवालंच भारी होतं.” दोनचार जण हसले. गुप्ते बिचारे हातात शाल धरून तसेच उभे, सत्काराचं कारणच उरलेलं नाही, आता शाल द्यावी की घडी घालावी?

तेव्हा बायकांच्या रांगेतून सुमनताई उठल्या.

“घाला हो गुप्ते, घाला शाल,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बोलले. आता सत्कार नाही करायचा तर कधी करायचा?”

सगळं मैदान हसलं, आणि टाळ्या अशा पडल्या की तशा मी त्या सोसायटीत पुन्हा ऐकल्या नाहीत. चौबळही हसले, डोळे पुसत. शाल अंगावर पडली.

पुढल्याच वर्षी ते निवृत्त होऊन बदलापूरला, बेलवलीत राहायला गेले. त्यानंतर येणंजाणं होतं, लग्नामुंजीत भेटी होत. पण चौबळ म्हटलं की मला दिसतात ते त्याच दिवशीचे. समारंभ आटोपल्यावर, उन्हात, खांद्यावर ती शाल तशीच घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाले. तपासायला म्हणून मी बरोबर होते. पत्र चारच ओळींचं होतं, मला एकही अक्षर बदलावं लागलं नाही. ‘माझी टेप वेगात होती. स्क्रू माझ्यासाठी फिरवला गेला. तुमचे वादक बरोबर आहेत. त्यांना सांगा, असंच सावकाश वाजवा.’

पाकीट त्यांनी पेटीत मनगटापर्यंत हात घालून सोडलं. ते आत पडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. तरी त्यांनी हात बाहेर काढला नाही. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, एक ओळखीचा माणूस “अभिनंदन हो चौबळ!” म्हणून पुढे गेला. चौबळांनी मोकळ्या हाताने त्याला नमस्कार केला, आणि दुसरा हात तसाच पेटीत ठेवून ते उभे राहिले.